दुधाला जाणारी मोटार

मोटारींवर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला ढोंगी म्हणायला नको. गेली सहा वर्षं मी खेड्यापाड्यांतल्या बंद केलेल्या एसटी फेऱ्यांसाठी भांडते आहे. पत्रकं लिहिते, आठवडी बाजारात वाटते, डेपोच्या दारात ठिय्या मारते. एका माणसाला हलवायला टनभर लोखंड हलवायचं, हा मला उर्मटपणा वाटतो आणि तसं मी छापूनही आणलेलं आहे. अशी मी, पौष लागायच्या तोंडावर, हाडं गारठवणाऱ्या थंडीत, एका मोटारीला वाचवायला नांदेडहून लातूरला गेले. तेही एसटीनं.

मोटार माझ्या दत्तामामाची. मामा आखातातल्या एका वर्कशॉपात फिटर होता. परत येताना लोकांनी सोनं आणलं, टीव्ही आणले. यानं एक लाल, दोन दारांची, बसकी जपानी मोटार आणली. तिचं इंजिन रोटरी. आपल्या गाड्यांत दट्टे वरखाली होतात. हिच्यात दट्टेच नाहीत, एका चपट्या डब्यात तिकोनी ठोकळा गरगर फिरतो. आम्हा भाचरांना हे समजावून सांगायला मामा एक समोसा घ्यायचा आणि वाटीत गोल फिरवायचा. "हे बघा, तिन्ही टोकं भिंतीला घासत गेली पायजेत. टोक तुटलं की खेळ खलास." मग तो समोसा कुणी खायचा यावरून आमची मारामारी.

ती गाडी खडखडायची नाही, भुंग्यासारखी गुणगुणायची. मामाला जाऊन तीन वर्षं झाली, पण दिवाळीच्या सुट्टीतली पहाट म्हटलं की मला अजून तोच आवाज ऐकू येतो. मामा रोज सहा वाजता गाडी काढून दुधाला जायचा. दूध डेअरी घरापासून चालत चार मिनिटं. पण हा माणूस गांधी चौकातून गंजगोलाईला वळसा घालून, रिंग रोड धरून अर्ध्या तासानं पाऊण लिटर दूध घेऊन यायचा. जो आधी उठेल त्याला शेजारची जागा आणि मांडीवर दुधाची किटली. काचेवर वाफ धरलेली असायची, मी बोटानं त्यावर माझं नाव लिहायची. सारी गल्ली हसायची. "आले बघा नवाब, दुधाला मोटार घेऊन."

मी मोठी झाले, चळवळीत गेले आणि हसायचं सोडून चिडायला लागले. एकदा त्याच्या काचेवर माझंच पत्रक चिकटवलं, "दुधाला मोटार, शाळेला पायपीट". आणि चहाच्या वेळी सगळ्यांदेखत सुनावलं, "मामा, पाऊण लिटर दुधासाठी एवढं पेट्रोल जाळायला लाज कशी वाटत नाही?" मामा नुसता हसला. म्हणाला, "हिला फिरवावं लागतं गं." मला तो माज वाटला. सगळ्यांनाच वाटला.

बुधवार, नांदेड, देगलूर नाका

मंगळवारी मामींचा फोन आला होता. "अनू, तुझ्या मामाची गाडी चालू व्हईना." दिवाळीपासून बंद होती. लातूरच्या एका मेकॅनिकनं पाहिली, दुसऱ्यानं पाहिली. दोघांचं म्हणणं एकच, इंजिनात दम राहिला नाही, कॉम्प्रेशन गेलंय, असले पार्ट आता देशात मिळत नाहीत. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आलेली. शुक्रवारी अकरा वाजता आरटीओत पासिंगची वेळ मिळाली होती. मामींच्या थोरल्या दिरांनी निकाल लावून ठेवला होता: पासिंग झालं तर ठेवा, नाही तर शनिवारी भंगारवाला येईल.

"तुम्हाला काय वाटतं मामी?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "शनिवारी मी घरी थांबणार नाही, एवढं खरं."

रोटरी इंजिन उघडलेला एकच माणूस मला माहीत होता. रशीद उस्ताद. आखातात मामाच्या खोलीत, मामाच्या वर्कशॉपात, अकरा वर्षं. आता सत्तरी ओलांडलेली. देगलूर नाक्याला पोराच्या दुचाकीच्या गॅरेजात उन्हाला खुर्ची टाकून बसतात. मी गेले तेव्हा कानटोपी, त्यावर मफलर, हातात बशी.

"दत्ता की गाडी? वो लालवाली?" बशी हातातच थांबली. "बेटी, मेरे हात कापते. चमचा नहीं पकडा जाता, पाना क्या पकडूँ?"

"हात माझे घ्या. कान तुमचे द्या."

गॅरेजातून पोरगा ओरडला, "अब्बा, आजकाल गाड्यांना स्कॅनर लावतेत. कान कोन लावून राहिलंय?"

"तेरे स्कॅनर को बोल, मेरा घुटना कायकू दुखता वो बता," उस्ताद म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "कब से बंद है?"

"दिवाळीपासून."

"और पिछले साल?"

मी आठवून सांगितलं. मागच्या वर्षीही थंडीत तिनं त्रास दिला होता, संक्रांत उलटल्यावर आपोआप सुधारली. त्याच्या मागच्या वर्षीही तेच, पण थोडं कमी.

उस्तादांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली. "देख बेटी. सील का टोक टूटा तो वो मौसम देख के नहीं टूटता. टूटा तो टूटा. ये ठंडी में मरती, गर्मी में जीती. मतलब मरी नहीं है. कुछ और बात है." आणि पोराला हाक मारली, "अरे, मेरा प्लगपाना किधर रखा?"

गुरुवार, लोह्याहून पुढं

सकाळच्या गाडीनं निघालो. आमच्या सीटची काच अर्ध्यावर अडकलेली. बाहेर धुकं, शेतांवर दहिवर, आणि त्या फटीतून येणारा वारा असा, की उस्तादांचे दात वाजताना मला ऐकू येत होते. कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तक्रार वहीत लिहा." मी लिहिली, दीड पान लिहिली. वारा काही थांबला नाही.

शेवटी उस्तादांनी माझ्या पिशवीकडं बोट केलं. "उसमें क्या है?"

"पत्रकं. अहमदपूरला वाटायचीत."

"कितने?"

"पाचशे."

त्यातली तीनशे उस्तादांनी चुरगाळून, घड्या घालून, इतक्या नेटकेपणानं त्या फटीत बसवली, की वारा साफ बंद. 'प्रवाशांनो, जागे व्हा' हा माझा मथळा उलटा होऊन पुढं लातूरपर्यंत माझ्याकडं पाहत होता. माझ्या लिखाणाचा एवढा रोकडा उपयोग याआधी कधी झाला नव्हता.

माळेगावला जत्रेची गर्दी. गाडी तासभर रांगत होती. रस्त्याच्या कडेला घोड्यांच्या ओळी, धुरकट शेकोट्या, घोंगड्या पांघरलेले व्यापारी. एक गिऱ्हाईक घोडा बघायला आलं, तर व्यापाऱ्यानं आधी घोडा शंभर पावलं पळवून आणला आणि मगच दात दाखवले. उस्ताद खिडकीतून मान वाकडी करून ते बघत राहिले.

"ठंडा घोडा कोई नहीं दिखाता," म्हणाले.

मग आखातातल्या गोष्टी निघाल्या. मामाला तिथं भाकरी मिळायची नाही, म्हणून त्यानं लेथवर पत्रा घासून स्वतःचा तवा केला होता. ज्वारीचं पीठ सुट्टीवरून येताना बॅगेत. "पूरे कमरे को रोटी खिलाता था. जली हुई," उस्ताद म्हणाले. मामाला भाकरी करता येते हे मला तीस वर्षांची होईतो माहीत नव्हतं. घरी त्यानं कधी चुलीला हात लावला नाही. याचा निषेध मी आता कुणाकडं करू?

लातूर, येळवस

माझं गाव भोकर, तिकडं येळवशीचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येचा, एवढा गाजावाजा नसतो. लातूरला मात्र त्या दिवशी शहर रिकामं होतं. गंजगोलाईत इतर दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी दुपारी तिथं कुत्री उन्हात पसरली होती आणि शटरं खाली. माणूस न् माणूस शेतावर गेलेला. ज्याला शेत नाही तो शेत असलेल्याच्या पंगतीला. हे मला फार आवडतं. आमंत्रणाची वाट बघत बसायचं नाही, जायचं आणि बसायचं.

मामाच्या वेळी ही मोटार येळवशीला शेतावर जायची. मागच्या सीटवर आंबिलीचं मडकं, ते सांडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोन भाचरं. मी तीन वर्षं मडक्याच्या डाव्या बाजूला होते. अजून आंबट ताकाचा वास आला की मला त्या सीटचा गरम रेक्झिनचा वास शेजारी येतो.

या वर्षी मामी शेतावर गेल्या नव्हत्या. आमच्यासाठी थांबल्या होत्या. फाटक उघडं, अंगणात लाल मोटार, आणि ओट्यावर ताटं. बाजरीची भाकरी, भज्जी, उंडे, आंबील. भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हेत. हिवाळ्यातल्या हिरव्या शेंगा, दाणे, पालेभाज्या बेसन लावून एकत्र शिजवलेल्या. उस्तादांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"भाभी, बत्तीस साल पहले दत्ता ने इसका बयान किया था. तब मैं समझा, झूठ बोल रहा."

"आणखी वाढू का रशीदभाई?"

"वाढा. दत्ता का हिस्सा भी वाढा."

मामी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून आत गेल्या.

जेवून उठलो ते थेट मोटारीकडं. उस्ताद गाडीला हात लावेनात. मला म्हणाले, "चाबी घुमा." मी फिरवली. स्टार्टर गुर्रर्र करत एकसारखा फिरत राहिला. उस्तादांनी बॉनेटवर कान टेकला होता.

"सुना? सरपट भागती. कहीं अटक नहीं. वो दोनों मेकॅनिक सच बोले. दम नहीं है." माझं तोंड उतरलेलं बघून पुढं म्हणाले, "दम क्यों नहीं, वो उन्होंने नहीं पूछा."

मग माझे हात आणि त्यांची जीभ. चार प्लग काढले. चारही ओले, पेट्रोलचा भपकारा. उस्तादांनी एक प्लग नाकाशी धरला. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते: त्या तिकोनी ठोकळ्याच्या टोकांना तेलाचा पातळ थर लागतो, त्या थरामुळंच दम धरला जातो. थंड इंजिनात चोक पेट्रोल जास्त सोडतो. ते पेट्रोल जळलं नाही तर आत साचतं आणि तेलाचा थर धुऊन नेतं. तेल गेलं की दम गेला. दम नाही म्हणून पेट घेत नाही, पेट घेत नाही म्हणून पेट्रोल आणखी साचतं. "इंजिन मरा नहीं, डूबा है," उस्ताद म्हणाले.

नवं पेट्रोल आत येऊ नये म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला. प्लग नसताना स्टार्टर मारला तर भोकांतून पेट्रोलचे फवारे उडाले. माझा स्वेटर, उस्तादांची टोपी, दोन्ही भिजले. मग आतले डबे दोन, दोन्ही बाजूंना चमचाभर इंजिन ऑइल. आणि मग खरी परीक्षा. उस्ताद गुडघ्यावर बसले, डोळे मिटले, एक बोट वर केलं.

"अब धीरे से. चाबी."

फस्. फस्. फस्.

"फिर."

फस्. फस्. फस्. तीन टोकांचे तीन श्वास. एक जरी कमी आला असता, तर शनिवारचा भंगारवाला पक्का. उस्ताद दुसऱ्या बाजूला सरकले. मामी ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. तिकडंही तीन.

"बराबर है," उस्ताद म्हणाले. "भाभी, गॅस पेटवा."

"चहाला?"

"प्लग भाजायला."

प्लग चिमट्यात धरून मामींनी भाकरी शेकावी तसे शेकले. कोरडे ठणठणीत करून बसवले, फ्यूज परत लावला. तिसऱ्या फेरीला इंजिन खोकलं, पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठला, शेजारची आजी 'अगं बाई, पेटली, पेटली' करत बाहेर आली, आणि त्या धुरातून तो आवाज आला. भुंग्याचा. मी सहा वर्षं मोटारींच्या विरोधात लिहिते आहे; मी स्टिअरिंग थोपटलं. लिहून टाकते आहे, कारण खोटं लिहायची सवय नाही.

उन्हं उतरेपर्यंत रिंग रोडवर फिरवली, धूर संपवला, परत आणून अंगणात लावली. उस्ताद मात्र खूश दिसेनात. ओट्यावर बसून मिशी चावत होते.

"काय झालं?"

"मर्ज गया, सबब नहीं मिला. डूबी क्यों? चोक ठीक, पंप ठीक. पानी में तो कोई अपने आप नहीं कूदता."

शुक्रवार, अंगण

सकाळी आठला चावी फिरवली आणि तोच गुर्रर्र. सरपट. अटक नाही.

तीन तास उरले होते. मी स्टिअरिंगवर बुक्की मारली. उस्ताद बाहेर उभे, मफलर सुटलेला, चेहरा पडलेला. "रात में क्या हो गया इसको?"

मी खाली उतरले आणि माझा पाय ओल्यावर पडला. सगळं अंगण ओलं होतं, ताजा सडा. आणि काल संध्याकाळी जिथं गाडीचं मागचं चाक होतं, मीच लावली होती, तिथं आता सहा पाकळ्यांची रांगोळी होती.

"मामी! गाडी कुणी हलवली?"

मामी भांडं हातात घेऊन दारात आल्या. "मीच. सहाला."

"चालू करून?"

"मग काय ढकलून? एकटीला ढकलंल का ती? चालू केली, फाटकाकडं दोन फूट घेतली, बंद केली. दिवाळीपर्यंत रोजच घ्यायची."

"लगेच बंद केली?"

"लगेच."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. ठंडा इंजिन, पूरा चोक, और दो फूट!"

आणि मी, जिला रस्त्यावर ओरडायची सवय आहे, ती अंगणात ओरडले. "मामी, तुम्हीच मारलीत ही गाडी! तीन वर्षं रोज सकाळी! मेकॅनिकला नावं ठेवता, दिरांना नावं ठेवता..."

शेजारच्या आजीचं दार उघडलं. मामी जिथल्या तिथं उभ्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "सडा टाकायचा तर गाडी हलवायला नको? दारात गाडीएवढं कोरडं ठेवू? सवाष्णीचं घर राहिलं नाही म्हणून दारात अवकळा आणू?"

मी रांगोळीजवळचा पाय मागं घेतला.

"ते असताना सहाला गाडी दुधाला जायची, तेवढ्यात मी सडा-रांगोळी उरकायची. ते गेल्यावर दूध घरपोच लावलं. गाडी बंद पडून राहू नये म्हणून मी रोज चालू करत होते. एक दिवस चुकवला नाही. तापात सुद्धा." भांडं त्यांनी खाली ठेवलं. "आणि लगेच बंद का करत होते, विचार. तू म्हणायचीस ना, फुकाचं पेट्रोल जाळू नका. तुझं ते पत्रक मी वाचलंय अनू. मला पटलं होतं."

मी वाकून ते भांडं कडेला सरकवलं.

उस्ताद सावकाश बोलले. "दत्ता दूध को कितनी देर जाता था?"

"अर्धा तास."

"गर्मी का काटा बीच में आने को ठंडी में बीस मिनट लगते. बाकी दस मिनट अंदर का कचरा जलने को." ते स्वतःशीच हसले. "वो दूध लाने नहीं जाता था, बेटी. दूध रास्ते में पड़ता था, इतनाच."

हिला फिरवावं लागतं गं. एवढंच तो बोलला होता. समजावून सांगायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. आम्ही लहान होतो तोवर समोसा तरी फिरवला, मोठ्या झालेल्या भाचीपुढं कोण फिरवणार? गल्लीनं नवाब म्हटलं, भाचीनं निर्लज्ज म्हटलं, आणि तो रोज सहाला उठून ते इंजिन जिवंत ठेवत राहिला. काचेवरचं माझं नाव आणि नंतर त्याच काचेवरचं माझं पत्रक, दोन्ही त्यानंच साफ केली असणार.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा साडेआठ वाजले होते. मी बाह्या वर केल्या. प्लग, फ्यूज, फवारे, तेल. या खेपेला चिमटा मामींच्या हातात न सांगता आला. प्लग त्या शेकत होत्या, मी बसवत होते; एकमेकींकडं बघत नव्हतो. तिसरा प्लग देताना त्या म्हणाल्या, "नाकाला काळं लागलंय तुझ्या." मी म्हणाले, "असू द्या. शोभतंय." त्या हसल्या नाहीत, पण पदराच्या टोकानं ते पुसलं.

साडेनऊला भुंगा जागा झाला. तिघंही बसलो, धूर संपेपर्यंत फिरवली, वाटेत पीयूसी काढली आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना आरटीओच्या मैदानात गाडी उभी केली. तपासणी करणारे साहेब तरुण होते. बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतेच बघत राहिले.

"इंजिन कुठंय हो?"

उस्तादांनी बोट दाखवलं. "वो क्या, डिब्बे जैसा."

"एवढंच?" साहेबांनी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, दिवे बघितले, ब्रेक लावून बघायला स्वतः एक चक्कर मारली. परत आले तेव्हा चेहरा शाळेतल्या पोराचा झाला होता. "मालक कोण?"

मी आणि उस्ताद, दोघंही मागं सरलो.

"मी," मामी म्हणाल्या. कागद त्यांच्याच नावावर होते, पण मोठ्यानं त्या हे पहिल्यांदाच म्हणत होत्या.

"चांगली ठेवलीय गाडी," साहेब म्हणाले आणि सही केली.

घरी परत येताना गाडी मामींनी चालवली. लायसन्स त्यांच्याकडं होतं. मामानं हौसेनं काढून दिलेलं, त्यांनी मुदतीत नवं करून घेतलेलं, रेशनकार्डाच्या पिशवीत. रिंग रोडवर ताशी वीसच्या वेगानं. मागं रिक्षांची रांग. एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "मावशी, वरात हाय का?" मामी पुढंच बघत म्हणाल्या, "हाय. तुला जेवायला बोलवू का?" उस्ताद मागच्या सीटवर इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

दुपारी दिरांना फोन झाला. ते बराच वेळ बोलले, मामी थोडंच. "नाही. भंगारवाल्याला सांगा, येऊ नको म्हणावं." फोन ठेवला आणि मग खरी अडचण पुढं आली. उस्तादांनी दोन वाक्यांत पथ्य सांगितलं होतं: या गाडीला एकतर हात लावायचा नाही, नाहीतर लावल्यावर थंडीत अर्ध्या तासाच्या आत बंद करायची नाही.

"म्हणजे रोज सकाळी अर्धा तास बाहेर," मामी म्हणाल्या. "पण जाऊ कुठं? दूध तर घरी येतंय. सकाळी सहाला माझ्यासारखीनं जायचं तरी कुठं?"

मी मराठवाड्यातल्या निम्म्या डेपोंना प्रश्न विचारलेत. हा मात्र मलाच विचारलेला होता. गाव कुणाला कुठं जाऊ देतं आणि कुणाला नाही, यावर माझं एक अख्खं पत्रक आहे. ते त्या वेळी पिशवीतून काढायची हिंमत झाली नाही.

शनिवार, परतीचा रस्ता

सकाळी सहाला मामींनीच आम्हाला बसस्थानकावर सोडलं. घरापासून सात मिनिटांचं अंतर. काटा हललाही नव्हता. बस लागलेली होती, म्हणून आम्ही घाईनं उतरलो. उस्ताद खिडकीत वाकून म्हणाले, "भाभी, आधा घंटा."

"ध्यानात हाय," मामी म्हणाल्या आणि गेल्या. घर डावीकडं होतं. त्या उजवीकडं वळल्या.

चाकूर आलं तेव्हा फोन वाजला. पलीकडं कपबश्यांचा आवाज, कुणीतरी भजी तळत होतं.

"अनू, मी औशाला आलेय."

"औशाला? कशाला?"

"कशाला म्हणजे? रस्ता होता, आले. किल्ल्याच्या अलीकडं हॉटेल आहे, तिथं उभी केलीय. चार माणसं गोळा झालीत गाडी बघायला. चहा सांगितलाय मी. आता गाडी बंद करू का चालूच ठेवू, तेवढं रशीदभाईंना विचार."

मी विचारलं. उस्तादांनी मफलर कानावरून सरकवला.

"काटा कहाँ है?"

"मधोमध आहे म्हणतात."

"तो बंद करो बोल," उस्ताद म्हणाले. "और चाय बैठ के पियो बोल. जल्दी नहीं है."